घडीबाईची नात

“धरतच नाहीये गं ही,” भाचीने मान उशीवर टाकली. “आत्या, तूच बघ ना. तोंडच उघडत नाही.”

आत्या खाटेच्या कडेला अवघडून उभी होती. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ तिने पुन्हा उचललं आणि दुसऱ्या बाजूने भाचीच्या छातीशी नेलं. बाळाने ओठ हलवल्यासारखं केलं आणि परत झोपेत बुडी मारली. दोन बाया घामाघूम झाल्या होत्या आणि त्याला मात्र जगाचं काही देणंघेणं नव्हतं.

“गालाला बोट लाव.”

“लावलं.”

“मग कानाला फुंकर घाल.”

“आत्या, मघापासून तेच तर करतेय! तुला खरंच माहितीये का काही?”

आत्याने दुपट्याची कड सारखी केली. तिला काहीच माहीत नव्हतं.

मुलगी झाली होती सकाळीच, उजाडता उजाडता. दिवसांच्या थोडी आधी आलेली, हाडापेराने बारीक. जन्मल्या जन्मल्या सिस्टरने तिला आईच्या छातीवर ठेवलं होतं. पण टाके घालताना भाचीला अशी काही हुडहुडी भरली की बाळाला उचलून उबेच्या दिव्याखाली न्यावं लागलं. तिथून परत आलं ते झोपाळलेलंच. तोवर शेजारच्या खोलीत दुसरी बाई अडली आणि सिस्टर तिकडे धावली. “जागं झालं की लावत राहा,” एवढं ती जाता जाता बोलली. पण बाळाने जागं तर व्हायला हवं!

दुपारच्या फेरीला डॉक्टरीणबाई आल्या. बाळाच्या टाचेतून त्यांनी रक्ताचा थेंब घेतला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“साखर काठावर आहे. लहान बाळांची पटकन उतरते. मी थोड्या वेळाने पुन्हा बघते. तोवर प्यायलं तर उत्तम. नाहीतर वरच्या मजल्यावर न्यावं लागेल, काचेच्या पेटीत.”

“आणि मी?” भाचीने विचारलं.

“तुम्ही इथेच. टाके ओले आहेत तुमचे. घाबरू नका, वर चांगली काळजी घेतात.”

डॉक्टरीणबाई बोलल्या अगदी मायेने. पण आत्याने बाळाला जवळ ओढलं. बाळ एकीकडे आणि आई एकीकडे, हे तिने एकदा पाहिलं होतं.

तेव्हा आत्या ऐन विशीत होती. वहिनी बाळंत झाली आणि लगोलग तापाने फणफणली. बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवलं. आज-उद्या देऊ म्हणता म्हणता वहिनीच गेली. ते बाळ आत्याच्या हातात आलं ते आलंच. भाऊ कामासाठी दूर गेला आणि आपल्याच घरी पाहुण्यासारखा येऊ-जाऊ लागला. आत्यासाठी सांगून आलेली स्थळं “पोरीसकट?” एवढंच विचारून चहा संपवून उठायची. पुढे पुढे तीही यायची थांबली.

आत्या लाँड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी तिथे गाडी भरभरून येत. वाफेच्या त्या मोठ्या दालनात तिची जागा घडीच्या टेबलापाशी. एकटीने पलंगभर चादर हवेत उडवून ती अशी दुमडायची, की चारी कोपरे एकमेकांवर नेमके बसत. सगळे तिला घडीबाई म्हणत. मुकादमाला नव्या बायकांवर डाफरायचं असलं की तो म्हणे, “जरा घडीबाईचे हात बघा, मग तोंड चालवा!” त्या दिवसांत टेबलाखाली कापडाच्या गाठोड्यांत एक बाळही निजलेलं असे. बाटली उकळून घ्यायची, दूध उकळून घ्यायचं, दुपटी उकळत्या पाण्यातून काढायची, इस्त्रीची ऊब असतानाच पोरीला गुंडाळायची. पोर वाढवायची ती एवढीच रीत आत्याला ठाऊक. आणि पोर वाढली की! चांगली शिकली, नोकरीला लागली, लांबच्या गाड्या चालवणारा साधा, हसतमुख नवरा मिळाला. तो आत्ता गाडी घेऊन परमुलखात होता आणि उद्या पोचणार होता.

तीच रीत आत्याने आज पहाटेपासून जिवापाड पाळली होती. घरून आणलेल्या इस्त्रीच्या दुपट्यात तिने बाळ घेतलं. उजवी बाजू डावीकडे, डावी उजवीकडे, खालचं टोक वर, हात आत, पाय आत. वर आणखी एक दुपटं. त्यावर शाल. भाचीची छातीही दर खेपेला ती सुवासिक साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करत होती. इतक्या जणींचे हात लागलेले. पोटात भलतंसलतं जायला नको.

“आजी, पार्सल कुठं पाठवायचंय?” पलीकडच्या खाटेवरची बाई हसून म्हणाली. तिची ही तिसरी खेप. तिचं बाळ बाजूला हातपाय नाचवत पडलं होतं.

“पाठवायचं कुठं? आमचं आम्हाला जड नाही,” आत्या फणकारली, पण मनातून सुखावली. घडीला नाव ठेवायला जागाच नव्हती.

“तुमची किती?”

“काय किती?”

“मुलं हो.”

“ही एक,” आत्याने भाचीकडे बोट केलं आणि विषय मिटवला.

आता मात्र ते सुख पार उतरलं होतं. बाळाला पुन्हा लावलं, पुन्हा सुटलं. तळपायाला टिचकी मारली तेव्हा ते कसंनुसं कुरकुरलं. तो आवाज ऐकून आत्या आणखीच धसकली. रडलं असतं तरी बरं वाटलं असतं.

“आत्या,” भाची एकाएकी उठून बसायला गेली आणि टाक्यांच्या कळेने परत आडवी झाली. “पिशवीत बाटली आणलीयस ना तू? मी पाहिलीय. दे की मग. मला तू बाटलीनंच वाढवलंस. मेले का मी?”

आत्याने पिशवी मांडीवर घेतली. बाटली खरंच होती, नवी कोरी, उकळून स्वच्छ फडक्यात बांधलेली. दुधाचा डबाही होता. बाळ कसं धरायचं, बाटली किती तिरपी करायची, बुडबुडे कुठे बघायचे, हे तिचे हात झोपेतही करू शकले असते. तिने फडक्याची गाठ सोडली. मग बाळाकडे पाहिलं, भाचीच्या थानाच्या टोकाशी जमलेल्या पिवळसर थेंबाकडे पाहिलं. थेंब तिथेच सुकत चालला होता.

“नाही,” ती म्हणाली.

“का?”

“मला जे येतं ते तुला आई नव्हती म्हणून शिकले मी. हिला आई आहे.” तिने पिशवी खाली ठेवली. “सिस्टरला आणते.”

“ती येणार नाही. दोनदा सांगून झालं.”

“येईल.”

आत्या कधी कुणावर आवाज चढवणारी नव्हती. लाँड्रीत वाफेने हात भाजला तरी आधी चादर बाजूला करायची, मग हात पाण्यात घालायची. पण आज ती बाळंतपणाच्या खोलीच्या दाराशी गेली आणि तिने दारावर थापा मारल्या. दार किलकिलं झालं.

“आजी, इथं यायचं नाही!”

“आमचं बाळ पीत नाही.”

“येते म्हटलं ना? माझे हात अडकलेत.”

“बाळ वर नेतील हो ते. तुम्ही येईपर्यंत मी दारातच बसते. मला ओलांडूनच जा मग.” आणि ती खरोखर फरशीवर बसली, दाराला पाठ लावून.

आतून कुणाचा तरी कण्हण्याचा आवाज येत राहिला. मग एक खणखणीत टाहो फुटला. आत्याने डोळे मिटले. दुसऱ्याच्या बाळाच्या त्या रडण्यात किती जोर होता!

थोड्या वेळाने सिस्टर बाहेर आली, धुतलेले ओले हात झटकत, खांद्याने कपाळाचा घाम पुसत. “उठा आजी. तुमच्यासारखी एक बाई वॉर्डात असली की मला शिपाई नको.”

खाटेपाशी येताच तिने आधी बाळाकडे पाहिलं, मग वाकून भाचीच्या छातीजवळ वास घेतला.

“साबण कुणी लावला?”

“मीच. स्वच्छ असावं म्हणून,” आत्या म्हणाली.

“बाळ वासावरनं शोधतं आजी. तुम्ही पत्ताच पुसून टाकलात की.” तिने नुसत्या कोमट पाण्याचं फडकं फिरवलं आणि शाल सोडली. दुपटं सोडलं. त्याच्या आतलं दुपटं सोडायला घेतलं. “अजून आहे? मी बाळ काढतेय की कांदा सोलतेय?”

पलीकडची बाई खुदकन हसली. आत्याला हसू आलं नाही. सिस्टरने झबलंसुद्धा काढलं तेव्हा मात्र तिला राहवेना. “अहो, गारठेल ती!”

“आईच्या अंगावर ठेवतेय. वरून पांघरूण घालू. ऊब मिळतेय, हातपाय बांधलेत, म्हणजे बाळ झोपणारच. चुकीचं नाही हो गुंडाळणं. पण आत्ता तिला काम आहे.”

उघडं बाळ भाचीच्या उघड्या छातीवर पालथं पडलं. एवढीशी पाठ, तिच्यावर सिस्टरने टाकलेली चादर. हात मोकळे. सगळे पाहत राहिले. काहीच झालं नाही.

काहीच होत नव्हतं आणि वॉर्डच्या टोकाच्या खाटेपासून डॉक्टरीणबाईंची फेरी सुरू झाली होती. त्यांचा आवाज एकेक खाट पुढे सरकत होता. भाचीचे डोळे त्या आवाजाकडे लागले.

“तिकडे नाही, हिच्याकडे बघ,” सिस्टर म्हणाली. “बोल काहीतरी तिच्याशी.”

“काय बोलू?” भाचीचा आवाज चिरकला. “अगं ए... उठतेस का? माझी अब्रू घालवतेस काय पहिल्याच दिवशी?”

बाळाचा एक हात हलला. मूठ उघडली, मिटली, तोंडाशी गेली. मग त्या मुलीने मान उचलली, ती धपकन पडली, पुन्हा उचलली. पायांनी रेटत ती बोटभर सरकली.

आत्या पुढे झाली. डोकं नुसतं जरा त्या बाजूला केलं की झालं!

“ढकलू नका,” सिस्टरने अडवलं. “तिची ती येऊ दे.”

आत्याने दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले. आयुष्यभर या हातांनी कुठलीच गोष्ट विस्कटलेली सहन केली नव्हती.

बाळाने तोंड मारलं, चुकलं. संतापून रडलं, लाल झालं. ते रडणं ऐकून भाचीच रडू लागली. डॉक्टरीणबाईंची पावलं पलीकडच्या खाटेशी थांबली. “आता मोठा आ केला की जवळ घे,” सिस्टर हळूच म्हणाली. “नुसतं टोक नको, काळा भागही जाऊ दे आत. आत्ता. घे!”

“आई गं! दुखतंय!”

“सोडव. करंगळी घाल ओठाच्या कोपऱ्यात. हां. परत. हनुवटी टेकू दे. आता?”

भाचीचे खांदे खाली आले.

“ऐका,” सिस्टर म्हणाली.

सगळ्यांनी ऐकलं. जबडा हलत होता, आणि अधूनमधून एक बारीक गिळण्याचा आवाज. एवढासा आवाज, पण आत्याला तो वॉर्डभर ऐकू गेल्यासारखा वाटला. डॉक्टरीणबाई सुई घेऊन आल्या, खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी सुई ट्रेमध्ये परत ठेवली. “पिऊ दे. झाल्यावर बघू.”

झाल्यावर पाहिलं. साखर चढली होती. “इथेच राहू दे. दर थोड्या वेळाने लावत जा,” असं सांगून डॉक्टरीणबाई पुढे गेल्या. सिस्टर आधीच धावत सुटली होती.

खाटेपाशी दोघीच उरल्या. पलीकडच्या बाईचा डोळा लागला होता. भाची किती तरी वेळ बाळाच्या टाळूकडे पाहत होती.

“आत्या, माझ्या आईनं... एकदा तरी?”

हा प्रश्न कधीतरी येणार हे आत्याला ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं तिने त्याचं उत्तर तयार ठेवलं होतं: हो, एकदा. त्याने कुणाचं काय बिघडलं असतं? पण मघाचं ते रडणं, ते रेटणं पाहिल्यावर तिला ते बोलवेना.

“नाही,” ती म्हणाली. “ताप होता म्हणून दिलं नाही तुला. मी दारातनं दाखवली. पण मागत होती गं ती. हात पुढं करकरून मागत होती.”

भाचीने डोळे पुसले नाहीत, बाळाला जरासं वर घेतलं फक्त. मग म्हणाली, “घे हिला. मला बाथरूमला जाऊन यायचंय.”

आत्याने दुपट्याकडे हात नेला.

“नको. अशीच घे. सिस्टर म्हणाली ना, अंगाला अंग.”

“माझ्या?”

“मग कुणाच्या?”

आत्याने इकडेतिकडे पाहिलं, पडदा ओढला, पदर सैल केला आणि ब्लाउजचे वरचे हुक काढले. या वयात हुक काढताना बोटं लाजली. भाचीने बाळ तिच्या छातीवर ठेवलं आणि वर चादर टाकली. ऊन, ओलसर, हलकं. भाचीला तिने उभी-आडवी वागवली, पाठीवर घेतली, उशाशी घेतली. पण अशी कधीच नाही. तेव्हा मधे नेहमी स्वच्छ कापड असे.

भाची भिंतीचा आधार घेत दारापर्यंत गेली. मागून आत्याचा घाबरलेला आवाज आला. बाळाने मान उचलली होती आणि तोंड उघडून ते त्या म्हाताऱ्या, सुकलेल्या छातीवर इकडून तिकडे शोधू लागलं होतं.

“नाही गं बाई,” आत्या पुटपुटत होती, “तिथं काही नाही. काही नाही गं माझे बाई तिथं.” आणि बाळाला दूर करायला तिने हात उचलला.

“असू दे आत्या,” भाची चौकट धरून म्हणाली. “शोधू दे तिला जरा वेळ.”

आत्याचा हात तसाच थांबला. मग तो हळूच बाळाच्या पाठीवर टेकला.