शिवकन्येच्या कंपासपेटीतली मिश्री

ब्लाऊजवर खूण करायला पट्टी हवी होती, म्हणून उषाबाईने लेकीची कंपासपेटी उघडली. आत एक पुडी होती. वास ओळखीचाच. तंबाखू भाजून कुटलेली मिश्री.

दहावीतली शिवकन्या अंगणात कपडे वाळत घालत होती.

"हे काय गं?"

"तुझ्याच डबीतली हाय."

उषाबाईचा हात उठला आणि तसाच राहिला. ती स्वतः लग्नापासून दातांना मिश्री लावत होती. बदनापूरहून टेम्पोने एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कंपनीत जायची. मिश्री लावल्याशिवाय बी निवडायला बसवत नसे.

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

"कशापायी?"

"तू कशापायी लावतीस?"

मारावं की रडावं, उषाबाईला कळेना. संध्याकाळी पुडी घेऊन ती शेजारच्या नाहिदकडे गेली. नाहिद सरकारी दवाखान्याची आशाताई होती, गावभर फिरायची.

"ओरडू नका, उषाबाई. तिला काय होऊन राह्यलं ते आधी बराबर विचारा," नाहिद म्हणाली. "अन् तुमच्या डबीचं काय?"

"माझं वय झालं."

नाहिदने नुसतं तिच्या काळ्या पडलेल्या दातांकडे बघितलं. त्यानेच उषाबाई जास्त गोंधळली.

दुसऱ्या दिवशी कामाला खाडा करून ती लेकीबरोबर शाळेकडे चालू लागली. वाटेत शिवकन्याच म्हणाली, "गणिताचे सर फळ्यापाशी बोलावतात. छातीत धडधडतं. आकडे दिसतच न्हाईत. मिश्री लावली की दोन मिनिटं बरं वाटतं, मंग परत तेच."

पोरीला चांगले मार्क पडतात, म्हणजे सगळं ठीक आहे, असंच उषाबाईला वाटत आलं होतं.

ती सरांना भेटली. मिश्रीचं नाव काढलं नाही. "तिला फळ्याची भीती वाटती. थोडे दिवस वहीतच सोडवू द्या."

सर चकित झाले. "हुशार आहे म्हणून तर बोलावतो. मला कधी बोलली नाही ती."

"मला तरी कुठं बोलली, सर?"

सरांनी ऐकलं. नाहिदने शिवकन्येला श्वास सावकाश सोडायला शिकवलं. तालुक्याच्या दवाखान्यात समुपदेशक बाईंकडेही नेऊन आणलं. आणि उषाबाईने एक दिवस आपली डबी नाहिदच्या हातात दिली.

चार दिवस तिचं डोकं ठणकलं. पाचव्या दिवशी कामावर तिने एका बाईकडून चिमूटभर मिश्री मागून घेतली. घरी येऊन लेकीला सांगावं की लपवावं, हे तिला ठरवता येईना. शेवटी भाकरी थापता थापता सांगून टाकलं.

शिवकन्या खाली बघत म्हणाली, "मी बी परवा लावली, माय."

"मंग आता?"

"मला काय म्हाईत?"

दोघींनी पुन्हा सुरुवात केली. कधी जमलं, कधी फसलं. जीव कासावीस झाला की दोघी स्टेशनच्या रस्त्याने चालून यायच्या.

फेब्रुवारीत एक दिवस शिवकन्या शाळेतून आली ती हसतच. "आज मी स्वतःहून फळ्यापाशी गेल्ते. गणित चुकलं!"

हसावं की घाबरावं, उषाबाईला कळेना. "धडधडलं?"

"लय."

"मंग?"

"मंग काय? धडधडतच लिहिलं."