कुंकू लागलेला बोर्ड

मित्रांनो, मी एक जुना निळा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहे. माझ्या पाठीवरच्या चिपला जे शिकवाल ते ती इमानाने करते. जबलपूरला चेरीतालच्या कुंदाताईंनी माझ्याकडून आधी दिवा लुकलुकवला, मग पाण्याची टाकी भरली की घंटा वाजवून घेतली. दर दसऱ्याला त्या मला पाटावर मांडून हळदकुंकू लावत. मी फुगून जाई. तेच नडलं.

त्यांचे वडील भय्यासाहेब कीर्तनकार. आजारपणानंतर तोंडपाठ अभंग त्यांना अर्ध्या वाटेत सोडून जाऊ लागले. दीक्षितपुऱ्याच्या मंदिरातलं रामजन्माचं कीर्तन आता सुटतं की काय, या धास्तीने ते खंगले. ताईंनी तोड काढली: समोर लॅपटॉपवर ठळक अक्षरांत अभंग आणि चिपळी धरलेल्या हातात बटण. दाबलं की पुढची ओळ.

बटणाचा दाब लॅपटॉपला कळवायला ताईंच्या धाकट्या भावाने, शैलेंद्रने नवा, चिमुकला बोर्ड आणला.

"दीदी, हा घे. याची यूएसबी अंगचीच आहे. कोणत्याही लॅपटॉपला लावला की कीबोर्डच समजते तो याला. तुझ्या या म्हाताऱ्या बोर्डाला मधे दुभाषी चिप लागते, वरून लॅपटॉपात वेगळा प्रोग्राम टाका."

"त्याला कुंकू लागलं आहे. बाबांच्याच कामात त्याला काहून डावलू?"

"कुंकवानं यूएसबी येत नाही, दीदी."

ताईंनी मलाच निवडलं. घरच्या लॅपटॉपवर मी नीट चाललोही.

रामनवमीला मंदिरवाल्यांनी स्वतःचा मोठ्या पडद्याचा लॅपटॉप मांडला. ताईंनी त्यात अभंग उतरवले. माझा प्रोग्राम टाकायचा मात्र घाईत राहिला. भय्यासाहेबांनी बटण दाबलं. ओळ हलली नाही. त्यांनी तोच चरण पुन्हा घेतला. बुवा आळवताहेत असं वाटून लोक डोलू लागले. मी प्रत्येक दाब पोचवत होतो, पण पलीकडे ऐकणारं कोणी नव्हतं. सातव्यांदा तोच चरण आला तेव्हा पेटीवरच्या तुळशीरामांनी हळूच भाता मिटला. मध्यंतरात बुवांना घालायचा हार ताटातच राहिला.

"चलो," भय्यासाहेब चिपळ्या खाली ठेवत म्हणाले, "पुढच्या साली दुसरे बुवा पाहा."

दुसऱ्या दिवशी चिमुकला बोर्ड मंदिराच्या त्याच लॅपटॉपवर बिनबोभाट चालला. ताई बटण घेऊन वडिलांसमोर बसल्या. भय्यासाहेबांनी हात पुढे केला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ पुसा, त्यांना पाटावर बसवा, देवाला ते आवडतंच. पण काम सोपवताना आधी विचारा, याला हे झेपेल का? वस्तूचा मान राखायला निघालात, तर तिच्या भरवशावर उभा राहिलेला माणूस चारचौघांत मुका होतो.