सतराव्या सोमवारचं मेहूण

सोळा सोमवारांचं उद्यापन आणि मॅरेथॉन यांची गाठ अशी पडेल, हे व्रत धरताना माझ्या मनातही आलं नव्हतं. श्रावणात पहिला सोमवार धरला, मधले अडचणीचे सोमवार सोडत सोडत सतरावा आला तो नेमका नव्याण्णव सालच्या पंचवीस जानेवारीला, आणि आमच्या पनवेलच्या तरुण मंडळाची शर्यत होती दुसऱ्याच दिवशी सकाळी. मॅरेथॉन म्हणायची एवढंच, तशी ती अर्धीच, एकवीस किलोमीटरची. गावातून निघून गव्हाणच्या रस्त्याने खाडीवरचा पूल ओलांडायचा आणि त्याच वाटेने परत यायचं. "देवाला सांगून ठेव," हे सकाळी चहा घेताना म्हणाले, "नुसत्या चूर्म्यावर बाईला पळवू नकोस म्हणावं. वाटेत पडलीस तर उचलून आणायची ताकद माझ्यात नाही." मी हसले. असं काही हे बोलायला लागले की माझा दिवस बरा जातो.

दोन वर्षांपूर्वी हे असं बोलत नसत. यांचे थोरले भाऊ, विनायकदादा, एकेचाळिसाव्या वर्षी ऑफिसचा जिना चढता चढता पायरीवर बसले ते उठलेच नाहीत, आणि त्या दिवसापासून यांनी जिन्याचा धसका घेतला. दुसऱ्या मजल्यावरचं घर सोडून आम्ही वडाळे तळ्याजवळ तळमजल्यावर राहायला आलो. जेवताना, पेपर वाचताना, अगदी देवापुढे उभं असतानाही यांची दोन बोटं दुसऱ्या हाताच्या मनगटावर असायची, नाडी मोजत. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून छाती ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि रोज चालायला जा म्हणाले. एकट्याने जायला हे घाबरत, म्हणून मी सोबत जाऊ लागले. त्या चालण्याचं पळणं कधी झालं ते कळलंही नाही. पहाटे तळ्याला दोन फेऱ्या, मग चार, मग थेट खाडीचा रस्ता. पंजाबी ड्रेस घालून मला धावताना पाहिलं की दूधवाला सायकल हळू करून विचारायचा, काय वहिनी, चोर पुढे निघून गेला का. आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं की यांची बोटं मनगटावरून सुटली आहेत.

श्रावणात यांना एकेचाळिसावं लागलं. हे एक वर्ष सुखरूप सरू दे, एवढंच मी महादेवाकडे मागितलं होतं. यांचं मागणं वेगळं होतं. उद्याची शर्यत पुरी झाली की ती भीती कायमची गेली, असं यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि पुरी झाली नाही तर काय, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना कधी विचारलं नव्हतं. मंडळाकडून कापडी नंबर मिळाले तेव्हा यांना एकशे सात आला आणि मला एकशे आठ. मी हट्टाने अदलाबदल करून घेतली. एकशे आठ यांच्या छातीवर असलेला बरा.

उद्यापनाला सोळा मेहुणं जेवू घालावीत म्हणतात, पण भटजींनी आमची परिस्थिती आणि उद्याची धावपळ ऐकून एका मेहुणावर भागेल असं सांगितलं. शेजारच्या रमावहिनी माहेरच्या गव्हाणच्या. त्यांनी आपला मामेभाऊ रामू आणि त्याची बायको गोदू यांना बारापर्यंत पाठवायचं कबूल केलं होतं. त्या दोघांना मी कधी पाहिलेलं नव्हतं. सासूबाईंची शिकवण अशी की मेहूण म्हणजे साक्षात शंकर-पार्वती. ते दारात आले की नाव-गाव विचारायचं नाही, कुठून आलात म्हणायचं नाही, सरळ पाटावर बसवायचं. ती मी लग्नापासून पाळत आले आहे.

साडेअकराच्या सुमारास ती दोघं आली. आमच्या फाटकाची कडी आधी वर उचलून मग आत दाबावी लागते, नवा माणूस तिथे हमखास खडखडाट करतो. ती जरासुद्धा वाजली नाही. मी वळून पाहिलं तर दोघं अंगणात उभी होती, अनवाणी, पावलांवर मिठागरातली असते तशी पांढरट धूळ. पुरुषाने उन्हासाठी उपरणं डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गुंडाळलं होतं, बाईचा पदर कपाळावर ओढलेला. त्यांचे चेहरे कसे होते हे आता आठवायला बसले तर समोर काही येत नाही. दोघं दमलेली होती, इतकंच आठवतं. या म्हटल्यावर ती काही न बोलता आत आली आणि मी दाखवायच्या आधीच आपापल्या पाटावर बसली.

पाय धुवायला हे खाली बसले. पाणी घालायचं आणि नंतर पाय पुसायचे हे माझं काम. आधी त्या बाईचे पुसले, मग नवा पंचा घेऊन त्या पुरुषाचे.

गेले पाच महिने रोज संध्याकाळी मी यांच्या तळपायांना खोबरेल चोळत होते. यांच्या उजव्या तळपायावर टाचेजवळ एक खूण आहे, लहानपणी करंजाला मामाकडे गेले असताना कालवाची शिंप लागली होती त्याची, अर्ध्या चंद्रासारखी. डाव्या तळव्यावर तीन तीळ आहेत, बेलाच्या पानासारखे मांडलेले. यांना ते ठाऊकही नसतील, कारण माणूस स्वतःचा तळपाय कधी निरखत नाही. बायकोच्या हाताला मात्र तो डोळे मिटूनही ओळखू येतो. त्या पाहुण्याचा उजवा पाय पुसता पुसता माझा हात त्या अर्ध्या चंद्राशी थांबला. मग मी डावा पाय घेतला आणि पंचा बाजूला करून पाहिलं. तीन तीळ होते. उजव्या अंगठ्याखाली एक मोठा फोड फुटून सालटं निघालं होतं, ताजं, धुळीने भरलेलं. तेवढं सोडलं तर दुसरा काही फरक नव्हता.

अंगावर काटा आला, पण तो भीतीचा होता असं मी तेव्हाही म्हटलं नाही आणि आताही म्हणवत नाही. सतराव्या सोमवारी घरी कोण येऊन बसतं, हे कहाणीत काय थोडं सांगितलंय? मी त्या पावलांवर डोकं ठेवलं.

ते गृहस्थ जेवले कमी आणि पाणी प्याले फार. तांब्यावर तांब्या रिकामा होत होता आणि हे हौसेने भरून देत होते. बोलता बोलता यांनी उद्याच्या शर्यतीचं सांगितलं, मंडळाने जागोजागी पाण्याची पिंपं ठेवली आहेत, पोरं सरबत देणार आहेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुलाच्या पलीकडे पाणी ठेवलंय का, एवढंच विचारलं. पलीकडे गव्हाण फाट्याला आहे, हे म्हणाले. ते ताटाकडे बघत मान हलवत राहिले.

"पुलापर्यंत बरं असतं," ते म्हणाले.

बाई जेवतच नव्हती. ती यांच्याकडे बघत होती. हे वाढायला वाकले, हसले, चूर्म्याच्या लाडवाचा आग्रह करू लागले, तशी तिची नजर यांच्या तोंडावरून हलेना. परक्या बाईने आपल्या नवऱ्याकडे असं पाहिलं तर राग यायला हवा, मला तो आला नाही. गाडी सुटायच्या वेळी फलाटावरचं माणूस खिडकीतल्या माणसाकडे बघतं, तशी ती बघत होती. पुढे मी कुंकवाची कोयरी घेऊन गेले तर तिने पदर आणखी खाली ओढला आणि आधी देवीला लाव म्हणाली. देवीला लावून मी परत वळले तोवर ती उठून हात धुवायला गेली होती. ओटीतला नारळ आणि तांदूळ तिने घेतले, हिरव्या बांगड्या माझ्या हातात परत ठेवल्या.

स्वयंपाकघराच्या दारात आम्ही दोघीच होतो. तूही धावणार ना, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. सरावात मी यांच्यापेक्षा जरा जलदच आहे आणि हे मला नेहमी तू हो पुढे, माझ्यासाठी थांबू नकोस म्हणतात, म्हणून मी पुढे होते, तेही मी सांगून टाकलं.

"पुढे जाऊ नकोस," ती म्हणाली.

बाईमाणसाने नवऱ्याच्या मागे राहावं, असं जुन्या वळणाचं काही ती सांगते आहे असं वाटून मी मान डोलावली. मग ती दोघं गेली. कडी वाजली नाही.

तासाभराने रमावहिनी आल्या त्या दारातूनच कपाळाला हात लावत. "रामूच्या पोराला ताप आलाय, ती दोगं घरातनं निंगालीच नाय. आत्ता निरोप आला. तुमी वाट बगत बसला असाल."

मी म्हटलं, अहो, मेहूण येऊन जेवूनसुद्धा गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उष्ट्या ताटांकडे पाहिलं.

"मग कोण जेवला?" त्या म्हणाल्या. "बराय बाई. तुमचा देव जेवला, आमचा रामू उपाशी."

हे खो खो हसले. चुकीच्या घरात शिरून फुकटचं जेवून गेलं कुणीतरी, म्हणाले, आणि वर यजमानाकडून पायही धुऊन घेतले. मीही हसले. पण दुपारभर हे आतबाहेर करत राहिले. बूट पुसून झाले, पुन्हा पुसले. शर्टाला नंबर टाचला, काढला, परत टाचला.

दिवेलागणीला वीज गेली. मी मेणबत्ती लावून आणली तेव्हा हे भिंतीला टेकून खाली बसले होते, आणि दोन बोटं मनगटावर होती.

मी शेजारी बसले. बराच वेळ मोजून झाल्यावर हे म्हणाले, तो माणूस थोडा दादासारखा वाटला नाही का? दादा आज असता तर असाच दिसला असता. मग यांनी नंबर लावलेला शर्ट माझ्या मांडीवर ठेवला.

"तू सांग. नको म्हणालीस तर हा नंबर आत्ता परत देऊन येतो. कोणी हसणार नाही."

नको, हा शब्द माझ्या अगदी ओठावर आला होता. तो म्हटला असता तर उद्याची सकाळ घरात गेली असती, परवाचीही. आणि ती बोटं त्या मनगटावरून पुन्हा कधी निघाली नसती. यांना पुन्हा हसताना पाहायला मला दोन वर्षं लागली होती. शिवाय ज्याच्यासाठी इतके सोमवार मी मीठ सोडलं, तो स्वतः येऊन माझ्या पाटावर बसून गेला असेल, आणि त्याने यायला यांचेच पाय घेतले असतील, तर त्यात अशुभ काय शोधायचं? श्रद्धा म्हणतात ती अशाच वेळेसाठी असते.

"पाय पुसताना तू थांबलीस," हे म्हणाले. "मी पाहिलं. काय होतं?"

"देवाचे पाय होते," मी म्हटलं. "तुम्ही जायचं. मी तुमच्या बरोबरीने पळेन, एक पाऊलही पुढे होणार नाही."

यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलले की माझ्या तोंडावर दिसतं, असं हे नेहमी म्हणतात. तिथे यांना काही दिसलं नसावं. बोटं मनगटावरून हळूच सुटली. हे हसले, चला, एकशे आठ नंबर आहे, कुणाची हिंमत आहे मला अडवायची, असं काहीतरी पुटपुटले, आणि रोजच्यासारखे पाय लांब करून निवांत डोळे मिटून घेतले.

मी खोबरेलाची वाटी जवळ ओढली, आणि पायाला हात लावायच्या आधी मेणबत्ती तळव्यांवर उजेड पडणार नाही इतकी लांब सरकवून ठेवली.