आधी उठलेला हात

बाहुलीचा डावा हात आज पुन्हा आधीच उठला. शिगेनोबाईंनी ओठ आवळून प्रवेश पुरा केला. तालीम मध्येच तोडायची त्यांची पद्धत नव्हती. पण डोकं पार फिरलं होतं.

त्यांच्या मंडळीत एक बाहुली तिघं मिळून चालवतात. मुंडकं आणि उजवा हात मुख्य चालकाकडे, म्हणजे गेली एकवीस वर्षं बाईंकडे. डावा हात हिदेमासाकडे, पाय फुमियोकडे. बोलायचं कुणीच नाही. मुख्य चालक मुंडक्याला आतून बारीकसा हेलकावा देतो, तोच इशारा. तो मिळाल्यावाचून डाव्या हाताने हलायचं नाही. बाईंच्या हाताखाली हिदेमासाने हे चौदा वर्षं घोटलं होतं, आणि आता इशारा यायच्या आत गडी पुढे. असल्या माणसाला पुढच्या जागेची घाई झालेली असते, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

संशयाला खतपाणी घालायला यंदा निमित्तही होतं. न्यूयॉर्कची एक संस्था जपानी आणि अमेरिकी कलावंतांनी एकत्र काम करावं म्हणून अनुदान देते. ते मिळालं, तर तिकडची लोरेटा नावाची बाहुलीवाली महिनाभर जपानच्या शिकोकू बेटावरच्या या डोंगरात येऊन राहणार होती, आणि वसंतात हे तिघं तिकडे जाऊन खेळ करणार होते. नाही मिळालं, तर मंडळीला कुलूप. खेळ बघायला आता गावात माणसंच उरली नव्हती.

अर्ज हिदेमासा भरत होता, कारण इंग्रजी त्यालाच यायचं. संत्र्यांच्या सहकारी गोदामातून सुटला की तो लोरेटाशी फोनवर बोले, आणि बाई दिसल्या की आवाज खाली आणी. बाईंना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मग जिला कळतच नाही, तिच्यापासून हा लपवत काय होता?

उत्तर द्यायला फुमियो तयारच होती. तिचं टोफूचं दुकान, आणि गावातल्या निम्म्या बातम्या तिथेच शिजतात. अर्जाचे कागद हिदेमासाने तिच्याच दुकानातल्या प्रिंटरवर छापून घेतले होते. त्यात एक रकाना होता म्हणे: मुख्य कलावंताला जमलं नाही तर त्याच्या जागी कोण? त्या रकान्यापाशी तो तीनदा अडला होता.

"अडणारच," फुमियो म्हणाली. "स्वतःचं नाव स्वतः लिहायला माणूस जरा लाजतोच की."

बाईंनी ते हसण्यावारी नेलं, पण शब्द लागायचा तिथे लागला.

त्यात तो व्हिडिओ. संस्थेला दहा मिनिटांचा खेळ हवा होता, एकाच कॅमेऱ्याने घेतलेला, मध्ये कुठे न कापलेला. गेल्या रविवारी तो घेऊन झाला. बाईंनी बघायला मागितला, तर हिदेमासा म्हणाला, छान आलाय, तुम्ही कशाला त्रास घेता. दुसऱ्यांदा मागितला, तर यंदाची संत्री कशी बारीक निघाली ते सांगत बसला. बाई एक गोष्ट तीनदा मागत नसत. सोमवारी दुपारी त्या तडक फुमियोच्या दुकानात गेल्या. कॅमेरा तिच्या नवऱ्याचा होता, त्यात प्रत राहिली होती.

मागच्या खोलीत सोयाबीनच्या वाफेत दोघी बसल्या. घाटावर लेकीला निरोप देणाऱ्या आईचा तो प्रवेश. आईने तोंड फिरवायचं, मान खाली घालायची, मग बाहीने डोळे टिपायचे.

"हा बघा, उठला. पकडला की नाही?" फुमियो म्हणाली.

बाईंनी मागे घ्यायला सांगितलं. पुन्हा बघितलं. पुन्हा मागे. चौथ्या वेळी त्या डाव्या हाताकडे बघतच नव्हत्या. बाहुलीच्या मुंडक्याकडे बघत होत्या.

मुंडकं फिरतच नव्हतं. ते आतून धरणारा हात बाईंचा, त्यांचा स्वतःचा डावा, आणि तो थरथरत होता. इशारा आधी नव्हता, नंतरही नव्हता. डावा हात आपसूक उठत होता, बाही हनुवटीला लावत होता आणि तिच्या आडून तोंड हळूच वळवून देत होता. बघणाऱ्याला वाटावं, काय रडते ही आई. बाईंना रविवारचा तो क्षण लख्ख आठवत होता. त्यांनी इशारा दिला होता, शपथेवर सांगितलं असतं. मनाने दिला होता, मनगटात उतरलाच नव्हता.

फुमियोने कॅमेरा बंद केला. बाई उठल्या आणि गोदामात गेल्या. हिदेमासा संत्री निवडत होता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

काय, ते त्याने विचारलं नाही. हातातलं संत्रं खाली ठेवलं. "गेल्या वर्षीच्या सुगीच्या खेळापासून."

"आणि बोलला नाहीस."

"डाव्या हाताने बोलायचं नसतं, बाई. तुम्हीच शिकवलंत."

"त्या रकान्यात काय लिहिलंयस?"

"काही नाही. रिकामा आहे." मग जरा थांबून त्याने सांगितलं की हलकं मुंडकं घडवता येईल का, हे तो लोरेटाला विचारत होता. ती तसली घडवते. ते सगळे फोन त्यासाठीच होते.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याने वर्षभर त्यांची लाज झाकली, त्यालाच त्यांनी चोर ठरवलं होतं. माफी मागायची सवय त्यांच्या पिढीला नाही. "अर्ज कधी जायचाय?" एवढंच त्या म्हणाल्या. परवा, असं तो म्हणाला. "मग तो रकाना काढूनच टाक. वरती मुख्य कलावंत म्हणून तुझंच नाव लिही. व्हिडिओ उद्या पुन्हा घेऊ."

तो नको नको म्हणत राहिला. बाईंनी ऐकून घेतलं आणि घरी गेल्या.

सकाळी त्यांनी मुंडकं त्याच्या हातात दिलं. बाहुलीचा डावा हात चालवायला माणसाचा उजवा हात लागतो, आणि बाईंचा उजवा अजून ठणठणीत होता. डाव्या हातवाल्याला चेहरा झाकणारी काळी खोळ घालावी लागते. ती घालून बाई त्याच्या बाजूला उभ्या राहिल्या. फुमियो पायांपाशी वाकली. कॅमेरा सुरू झाला.

आई घाटावर आली. निरोपाची वेळ आली. हिदेमासाने इशारा दिला, मान, खांदा, सगळं धड हलवून, पहिल्या दिवशीच्या शिकाऊला देतात तसा. डावा हात उठला नाही.

"एवढा ढळढळीत इशारा कुणासाठी?" खोळीआडून बाई म्हणाल्या. "शेवटच्या रांगेतल्यालाही दिसेल. मला बारीकसाही कळतो. पुन्हा कर."