गोंगाट कुणाच्या घरचा

अकरा दिवस झाले, टकटकबाईंच्या रेडिओत कुणीतरी पत्रा घासत बसलं होतं. खर्रर्र, खर्रर्र, एक क्षण खंड नाही. बाईंचं डोकं उठलं होतं.

टकटकबाई हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं. बाई शाळेची प्रयोगशाळा सांभाळायच्या आणि रोज पहाटे, उजाडायच्या आधी, मागच्या खोलीत बसून मोर्सची की, म्हणजे टिंब-रेघांचे संकेत पाठवायचं बटण, टकटकवायच्या. त्यांच्या रेडिओची चाळीस मीटरची एरियलची तार गच्चीपासून मागच्या खांबापर्यंत ताणलेली होती. ती टकटक ऐकायला हजार किलोमीटरवर, एका टेकडीवर, त्यांचे वडील बसलेले असायचे.

म्हाताऱ्याचं वय चौऱ्याऐंशी, कान गेलेले. म्हणजे माणसाचं बोलणं कळेनासं झालेलं. फोनवर नुसतं हॅलो म्हटलं तरी 'कोण गेलं?' म्हणून ओरडायचे. शेवटी त्यांनी फोन हातात धरायचंच सोडलं. पण मोर्सचा तो एक जाड सूर त्यांना अजून लख्ख ऐकू यायचा. गेली सहा वर्षं बापलेकीचं सगळं बोलणं त्या एका सुरावर चाललं होतं. आणि नियम कडक: तारेवरचं बोलणं तारेवरच, मध्ये तिसरा माणूस नको, चिठ्ठी नको, निरोप नको. हौशी रेडिओवाल्यांत असला हट्टीपणा असतोच, म्हाताऱ्यात तो जरा जास्त होता एवढंच.

आता बाबांचं ते टेकडीवरचं घर विकलं गेलं होतं. शनिवारी दुपारी बाबांच्या तारेचा खांब उतरणार होता आणि संध्याकाळी बाईंचा भाऊ बाबांना आपल्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटवर घेऊन जाणार होता. तिथे ना तार लावायला जागा, ना शंभर घरांच्या चार्जरांच्या किचकिचाटात काही ऐकू यायची आशा. म्हणजे शनिवारची पहाट शेवटची. त्यानंतर बाबा दिसतील, जेवतील, मान डोलावतील, पण त्यांच्याशी बोलणं संपलं. या विचारानं बाईंना घास गिळवत नव्हता.

गोंगाट बाईंकडे होता, बाबांकडे नव्हता. टेकडीवर टाचणी पडली तरी ऐकू यावी इतकी शांतता. बाबांना लेकीचं अक्षर न् अक्षर पोचत असणार, लेकीला मात्र त्यांचं एक टिंबही कळत नव्हतं. म्हणून अकरा पहाटा बाई एकतर्फी बोलल्या, आणि बोलल्या काय तर एकच: 'ऐकू येत नाही. दिरांच्या सोलरचा गोंगाट आहे. दीर ऐकत नाहीत.'

दीर शेजारीच, एका भिंतीपलीकडे. गॅरेज चालवायचे. ज्या सोमवारी त्यांच्या छपरावर सोलरचं यंत्र बसलं, त्याच्या दुसऱ्या पहाटेपासून खर्रर्र सुरू झालं. बाईंनी हातात छोटा ट्रान्झिस्टर घेऊन अख्खी गल्ली पालथी घातली. दिरांच्या मीटरपेटीपाशी तो असा किंचाळला, की बाईंनी निकाल देऊन टाकला.

"वहिनी, सूर्य उगवायच्या आधी ते यंत्र झोपलेलं असतं हो," दीर म्हणाले होते.

"मग झोपेत घोरतंय!" बाई म्हणाल्या. आणि हे फाटकात उभं राहून, अर्ध्या गल्लीच्या देखत. वर आणखी म्हणाल्या, की तुम्हाला माझ्या बापाचं काय पडलंय! दिरांचा चेहरा उतरला. ते आत गेले. बाईंचा नवरा दोन्हीकडून सापडलेला. "अगं, जरा सबुरीनं," एवढं म्हणून तो पेपरात तोंड घालायचा. उपयोग शून्य.

शनिवारी पहाटे बाई उठून आभाळ बघायला मागच्या दारी आल्या. साडेसहाला सूर्य. ऊन वर आलं की आकाशातला एक थर या सुराला गिळून टाकतो, मग कितीही बडवा. घड्याळात सहा वाजत होते.

"वहिनी!" भिंतीपलीकडून हाक आली. दीर बनियनवर उभे. "आज माझ्या अख्ख्या घराचं मेन स्विच पाडतो. होऊ दे तुमच्या मनासारखं एकदाचं."

खट्कन आवाज झाला. दिरांचं घर गुडुप. बाई धावत रेडिओपाशी आल्या.

खर्रर्र. तेवढंच. रेडिओवरच्या मीटरचा काटा तसूभरही हलला नव्हता.

बाई मटकन खुर्चीत बसल्या. टेबलावर नवा दिवा जळत होता. पहाटे लिहायला नीट दिसावं म्हणून त्यांनी तो त्याच सोमवारी आणला होता, स्वस्तातला, खाली काळा अडॅप्टर. बाईंनी दिव्याकडे पाहिलं. शाळेतल्या पोरांना त्या रोज सांगायच्या, एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की दोष कुणाला देणार? विजेच्या तारा तर दोन्ही घरांच्या एकच, गोंगाट त्यांवरून पलीकडे पोचणारच की.

"थांबला का?" दिरांनी विचारलं.

हो म्हटलं असतं तरी कुणाला कळणार होतं? बाई भिंतीपाशी गेल्या.

"नाही थांबला. भाऊजी, चुकलं माझं. माझ्याच घरात आहे तो."

दीर वळले आणि अंधारात निघून गेले. जाणारच. कोण थांबेल? बाईंनी दिवा काढला, अडॅप्टर काढला. गोंगाट अर्धा उरला. आणखी काहीतरी होतं, कुठे ते शोधायला वेळ नव्हता. मेन पाडावं तर रेडिओच बंद. सहा वाजून चौदा मिनिटं. खिडकी पांढरी होत चालली होती. बाईंना रडू फुटलं.

दार धडकन उघडलं. दीर ट्रकची बॅटरी छातीशी कवटाळून आत आले, धापा टाकत.

"पाडा मेन! बॅटरीच्या वायरच्या चिमट्याची स्प्रिंग गेलीय, मी हातानं धरतो. बघता काय?"

मेन पडलं. रेडिओ बॅटरीवर जागा झाला. आणि घरात शिरली तशी शांतता रेडिओतही शिरली. त्या शांततेत, बारीक पण स्वच्छ, म्हाताऱ्याचा हात वाजत होता. बाई लिहू लागल्या: '...लं मेन पाड. आधी आपलं मेन पाड. आधी आपलं मेन पाड. आधी...'

"काय म्हणतायत?"

"आधी आपलं मेन पाड." बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "अकरा दिवस हेच सांगत असणार हो! मला सोडून सगळ्या जगाला ऐकू गेलं असेल."

बाईंनी की हाती घेतली. 'पाडलं बाबा. ऐकू आलं.'

बाईंनी पेन्सिल उचलली. मग: 'शहाणी ती शहाणी. दिराची माफी माग. आता दुसरं काहीतरी बो...'

सूर पातळ झाला, डुबला, पुन्हा वर आला आणि गेला. बाईंनी रेडिओला कान लावला. नुसती हवा. खिडकीच्या चौकटीवर ऊन आलं होतं.

"गेले," बाई म्हणाल्या. "अकरा पहाटा होत्या माझ्याकडे. सगळ्या तुमच्या चुगल्या करण्यात घालवल्या."

दीर चिमटा धरून तसेच वाकलेले. "पण त्यांना तुमचं ऐकू जातंय ना अजून? त्यांच्याकडे गोंगाट नाही म्हणालात."

"जात असेल. दोन मिनिटं, चार मिनिटं. काय माहीत."

"मग बोला की. मी कुठे चाललोय?"

बाईंनी नाक पुसलं. 'बाबा, भाऊजी बॅटरी धरून उभे आहेत,' त्यांनी आधी हे वाजवलं. मग सांगितलं, की मला तुमची फार आठवण येईल. मग शाळेतली गंमत, मग आईची साडी मी अजून नेसते ते, मग लहानपणी तुम्ही मारलं होतंत त्याचा राग कधीच गेला, ते. हात थांबेना. पलीकडून उत्तर नव्हतं, येणारही नव्हतं.

"वहिनी, हात बदलू का?" दीर म्हणाले. त्यांच्या दंडाला रग लागली होती.

"बदला. पण सोडू नका," बाई म्हणाल्या आणि पुढचा शब्द वाजवू लागल्या.