रिकाम्या रस्त्याचा फोटो

ती दिवसाला तीनेकशे गाड्या बघायची, पण तिला बघणारी त्यातली एकही नव्हती.

उताराच्या पायथ्याशी रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे होते. त्यांच्या अलीकडे, झुडपाआड एक राखाडी डबा. डब्यातला कॅमेरा उतारावरून सुसाट येणाऱ्या गाड्यांचे फोटो काढून कचेरीत पाठवायचा. कचेरीतल्या मागच्या खोलीत, जिथं खिडकी नव्हती आणि पंखा बोलल्यासारखा कुरकुरायचा, तिथं ती तपासनीस होती. नंबर वाचता येतो का, वेग पन्नासच्या वर आहे का, एवढं बघून कळ दाबायची. ‘योग्य’ दाबलं की गाडीवाल्याच्या घरी पत्र. ‘अस्पष्ट’ दाबलं की फोटो पुसला, विषय संपला.

रोजचा पहिला फोटो तेवढा चाचणीचा. कॅमेरा नीट आहे ना, हे कळावं म्हणून तो सकाळी आपोआप निघायचा. पांढरे पट्टे, वर चढत गेलेला रिकामा रस्ता, कोवळं ऊन. तो पुसण्याआधी ती क्षणभर हात जोडायची. कुणाला, ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

त्या मंगळवारी अकराव्या फोटोवर तिचा हात थांबला. पांढरी व्हॅन, वेग अडुसष्ट. काचेमागे चालकाच्या गळ्यात मोहरीच्या फुलाच्या रंगाचा मफलर. तो तिनंच विणला होता. एका बाजूला चार टाके सुटले होते, तरी वडील तो उन्हाळ्यातही काढत नसत.

एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस. गाडीला कधी ओरखडा नाही. दोन आठवड्यांपूर्वी एका सेवा संस्थेनं नवी व्हॅन घेतली आणि डायलिसिसच्या पेशंटांना दवाखान्यात न्यायचं काम त्यांना दिलं. तिनं व्हॅनचा नंबर घालून मागचं शोधलं. आधीचे पाच फोटो निघाले. दोन तर तिनंच ‘योग्य’ केलेले. नंबर वाचला होता, माणूस बघितला नव्हता. पत्र पोचायला तीन आठवडे लागत, त्यामुळे वडिलांना पत्ताच नव्हता. आणि हा सहावा. सहाव्याला वर्षभर लायसन्स बंद.

‘अस्पष्ट’ची कळ बोटाखालीच होती. काचेवर उन्हाची तिरीपही होती. पण फोटोच्या कडेला आणखी कुणीतरी होतं. पट्ट्यांवर टाकलेलं पाऊल मागे घेणारा, काठी टेकलेला म्हातारा.

तिनं फोटो तसाच ठेवला आणि घरी गेली.

वडील ओट्याशी भांडी पुसत होते. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले.

“म्हणजे लेकीनंच बापाला पकडलं. तुझ्या आईला सांगायला हवं होतं, तिला फार आवडलं असतं.”

“बाबा, थट्टा नको.”

“थट्टा नाही गं. पहिल्या दिवशी कुणी समोर उभं राहून हात केला असता, तर दुसऱ्या दिवशी मी सावकाश आलो असतो. तीन आठवड्यांनी पत्र पाठवून ॲक्सिलरेटरवरचा पाय कसा उचलायचा माणसानं? देवही बघतोच की आपल्याकडे. पण तो झुडपात दबा धरून नाही बसत.”

“सात वाजता दवाखान्यात पोचायचं असतं तुम्हाला, माहीत आहे मला. पण त्या फोटोत एक काठीवाले आजोबा आहेत. त्यांनी पाऊल टाकलं होतं. मागे घेतलं.”

फडकं ताटावर थांबलं.

“कुठं?”

“पट्ट्यांवर.”

“पाऊल टाकलं होतं?”

“हो.”

ताट कोरडं झालं होतं, तरी ते पुसतच राहिले.

“मला दिसला नाही तो,” ते म्हणाले. “एकतीस वर्षं मी हेच सांगत आलो, की मला सगळं दिसतं.” मग ताट फळीवर ठेवलं. “दाब ‘योग्य’ची कळ.”

“आणि पेशंट?”

“शेजारची शिंपीणबाई नेईल. गाडी गोगलगायीसारखी चालवते म्हणून मी तिला हसायचो.” किल्ल्या त्यांनी टेबलावर ठेवल्या, अगदी हळू, आवाज होऊ नये अशा.

नातेवाइकाचा फोटो साहेबांकडे द्यायचा नियम होता. साहेब मनानं वाईट नव्हते. त्यांनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“काचेवर ऊन आलंय. अस्पष्ट म्हणता येईल.”

“स्पष्ट आहे, साहेब.”

त्यांनी ‘योग्य’ची कळ दाबली. ती तरी उभीच राहिली.

“साहेब, उताराच्या माथ्यावर एक बोर्ड लावू या. खाली कॅमेरा आहे म्हणून.”

“बोर्ड लावला तर सगळे हळू येतील. मग सापडणार कोण?”

“तेच तर म्हणतेय.”

“अगं, पलीकडच्या नाक्यावर लावला होता. डब्यापुरते गोगलगाय होतात आणि डबा ओलांडला की पुन्हा वारू. शिवाय वरून आकडा मागतात तो सापडलेल्यांचा. वाचलेल्यांचा आकडा मी कुठून आणू?”

ती जागेवर जाऊन बसली.

पुढच्या सोमवारी कॅमेऱ्यातून दुपारपर्यंत चाळीसच फोटो आले. मंगळवारी एकोणीस. बुधवारी सहा. साहेबांनी मेकॅनिकला पिटाळलं. तो तासाभरानं परतला, हातातली पेटीही उघडलेली नव्हती.

“कॅमेरा ठणठणीत आहे. वर माथ्यावर एक आजोबा स्टूल टाकून बसलेत. मांडीवर पुठ्ठा. ‘खाली माणसं रस्ता ओलांडतात. सावकाश.’ प्रत्येक गाडीला हात करतात. लोकही परत हात करतात, काय सांगू.”

“कॅमेऱ्याचं लिहिलंय?” साहेबांनी विचारलं.

“नाही ना. मीच म्हटलं, आजोबा, कॅमेरा लिहा, लोक घाबरतील. तर म्हणाले, कॅमेरा लिहिला तर कॅमेऱ्यापुरतेच थांबतील.”



“मफलर आहे का गळ्यात?” तिनं विचारलं.

“पिवळा. भर उन्हात.”

“उठवायचं म्हटलं तर कुठल्या नियमानं उठवू?” साहेब स्वतःशीच पुटपुटले आणि आत निघून गेले. सापडलेल्यांचा आकडा त्यांना महिनाअखेरीला वर पाठवायचा होता, आणि तो काय असणार ते तिघांनाही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चाचणीचा फोटो उघडला. रस्ता रिकामा नव्हता. वर, अगदी लांब, एक स्टूल रिकामं होतं. खाली पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध काठीवाले आजोबा चालत होते, आणि त्यांचा कोपर धरून, त्यांच्याच चालीनं, तिचे वडील. वरच्या वळणावर एक लाल गाडी थांबली होती. वेगाच्या जागी शून्य.

ती हात जोडायला विसरली. फोटो पुसलाही नाही. साहेब येईपर्यंत तो तसाच पडद्यावर राहिला.

“चाचणीला रस्ता रिकामा लागतो ना?” साहेब मागे उभे राहून म्हणाले.

“हो.”

त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसले. बराच वेळ पाहत राहिले. मग खिशातून पेन काढलं.

“तुझ्या वडिलांना सांग, पुठ्ठा पावसात टिकायचा नाही. पत्र्याचा बोर्ड करून घेऊ. त्यावर काय लिहायचं ते मात्र त्यांनाच विचार.”