कोटाचा आतला खिसा

मी एक कोट बोलतोय. राखाडी, लोकरीचा, तीन बटणांचा. आज चेरीताल मोहल्ल्यातल्या एका घरात दाराआडच्या खुंटीवर लटकतोय, म्हणून येणारे-जाणारे माझ्यावर ओल्या छत्र्या अडकवतात. पण एके काळी माझाही रुबाब होता, आणि तो मी विसरलेलो नाही.

माझं कापड अमरावतीचं, मुरलीधरच्या सासऱ्यांनी जावयाला दिलेलं. सदर बाजारातल्या शिंप्याने मला शिवलं आणि मुरलीधरच्या हट्टापायी डावीकडे आत एक खोल खिसा ठेवला. लग्नात मी मिरवलो. मग दर हिवाळ्यात त्याच्या अंगावरून कारखान्यात जाऊ लागलो.

रांझीच्या बाजूला दारूगोळ्याचा कारखाना होता, तिथे मुरलीधर कारकून. आत सगळी बारूद, एक ठिणगी पुरे. म्हणून विडी-काडी आत न्यायची नाही, असा कडक नियम. फाटकासमोरच्या पानवाल्याने त्यासाठी पत्र्याचा एक डबाच ठेवला होता. ओढणारे आपापल्या काडीपेट्या त्यात टाकून आत जात आणि संध्याकाळी माझी कुठली, तुझी कुठली, म्हणून भांडत. मुरलीधर त्या डब्याकडे कधी वळलासुद्धा नाही. तो सुपारीही खात नसे.

फाटकावर बळीराम दरवान प्रत्येकाचे खिसे चाचपायचा. माणूस मायाळू. ओळखीच्या माणसाला चाचपायचं त्याच्या जिवावर यायचं, आणि यावरून सुरक्षा अधिकारी साहेबाने त्याला एकदा झापलं होतं. पुन्हा कसूर झाली तर नोकरी गेली, असं सरळ सांगितलं होतं.

ते एकाहत्तरचं साल. लढाई तोंडावर आली होती. कारखाना दिवसरात्र चालत होता, रजा कुणालाच मिळत नव्हती. पण मुरलीधरला टायफॉइड झाला आणि त्याला रजा द्यावीच लागली. तो उठला तेव्हा इतका वाळला होता, की मी त्याच्या अंगावर नुसता टांगल्यासारखा दिसे. उद्या कामावर जायचं, त्याआधी त्याचं मन जरा रमावं म्हणून त्याच्या बायकोने, अनसूयाने, त्याला नाटकाला नेलं.

जवानांच्या मदतीसाठी आमच्या मराठी मंडळाच्या हौशी लोकांनी ते नाटक बसवलं होतं. पडदा उघडायच्या आधी श्रीरंग नावाचा रेल्वेतला कारकून, तोंडाला रंग फासलेला, धावत आमच्या रांगेत आला. तो नाटकात लबाड वकील झाला होता.

"मुरलीधरभाऊ, कोट द्या ना जी! माझा धोब्यानं जाळला. वकील काय बनियनवर उभा राहीन?"

मुरलीधर हसला आणि त्याने मला काढून दिलं. काय सांगू तो थाट! दिव्यांच्या उजेडात मी उभा, समोर भरलेला हॉल. श्रीरंगने ऐटीत सिगारेट पेटवली, काडीपेटी माझ्या आतल्या खिशात सारली आणि असं काही बोलला, की टाळ्या पडल्या. नाटक संपल्यावर त्याने मला परत केलं. काडीपेटी मात्र खिशातच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी होती. अनसूयाने मला मुरलीधरच्या खांद्यावर चढवलं. रांझीच्या बसमध्ये प्रत्येक खड्ड्याला ती काडीपेटी खुळखुळत होती, पण बसच्या खडखडाटात ऐकणार कोण? मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. एवढीच आशा होती, की फाटकावर बळीराम ती काढेल.

बळीराम पुढे आला. त्याने मुरलीधरकडे पाहिलं आणि त्याचे हात तसेच थांबले.

"अरे बापा! काय हाल झाले भाऊ तुमचे! हवेत काहून उभे राहून राहिले? चलो, जा आत."

त्याने माझ्या पाठीवर थोपटलं. खिशाला हात लावलाच नाही.

आत टेबलावर कागदांचा ढीग साचला होता. हेडक्लार्क भय्यासाहेबांनी तब्येत विचारली, पण उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत. "आले ना? बरं झालं. एवढ्यावर भरण विभागातल्या साहेबाची सही आणा बरं, आत्ताच्या आत्ता."

भरण विभाग म्हणजे जिथे गोळ्यांत बारूद भरतात ती जागा. तिच्या दारात एक लाल फळी आडवी ठोकली होती. फळीच्या अलीकडे आपले जोडे, कोट, सगळं काढायचं आणि तिथले मऊ जोडे घालून पलीकडे पाय टाकायचा. पलीकडे बायामाणसं मान खाली घालून काम करत होती. मुरलीधरने मला अंगातून काढलं, झटकलं, आणि मी खुळखुळलो.

त्याने आत हात घातला. काडीपेटी बाहेर आली.

माणसाच्या तळहाताला एकदम एवढा घाम फुटतो, हे मला तेव्हा कळलं. त्याने ती पटकन परत खिशात घातली, मला छातीशी धरलं आणि उलटा फिरला. त्याचं काळीज माझ्या कापडावर आपटत होतं. वाटेत आगीसाठी भरून ठेवलेल्या लाल बादल्या होत्या. तो एका बादलीपाशी थांबला. बुडवून टाकावी? पण मागे आवारात नुसती एक जळकी काडी सापडली होती, तर एका हमालाला घातपाती समजून नेलं होतं. तो बिचारा पुन्हा कामावर दिसला नाही. आपली काडीपेटी दुसऱ्या कुणाचा गळा कापेल, हे मुरलीधरला पटेना. संध्याकाळपर्यंत खिशातच ठेवावी, तर चहूकडे बारूद. आपणच नेऊन द्यायची, तर सुरक्षा साहेब पहिला प्रश्न बळीरामला विचारणार.

गोदामाच्या भिंतीआड तो गेला. इकडेतिकडे पाहिलं. मग त्याने आतल्या खिशात दोन बोटं घातली आणि जोर लावून माझं अस्तर फाडलं.

दिवाळीच्या आधीच अनसूयाने तिथे पक्के टाके घातले होते. ते सहज निघेनात, पण त्याने दात-ओठ खाऊन ओढलं. मला फार लागलं. तो एवढंच पुटपुटला, "राहू दे रे."

सुरक्षा अधिकाऱ्याच्या टेबलावर काडीपेटी ठेवली तेव्हा साहेब उभाच राहिला. "ये अंदर कैसे आई?"

मुरलीधरने नाटकाची हकीकत सांगितली. "जेब फटी थी साहब, अस्तर में उतर गई. मुझे भी पता नहीं चला."

बळीरामला बोलावलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तलाशी ली थी?"

बळीरामने तोंड उघडलं, तोच मुरलीधर म्हणाला, "ली थी साहब. रोज लेते हैं. अस्तर में किसको मिलती?"

साहेबाने मला ओढून घेतलं आणि खिशात हात घातला. बोटं फाटक्या भागातून आरपार गेली. तुटलेले धागे अजून ताजे होते, पांढरे, कुणाच्याही नजरेत भरतील असे. साहेब ते धागे बराच वेळ बोटांत फिरवत राहिला. बळीराम जमिनीकडे बघत होता. शेवटी साहेब म्हणाला, "घर में सुई-धागा नहीं है क्या?" आणि त्याने लिहायला घेतलं.

मुरलीधर निलंबित झाला. लढाई सुरू झाली, संपली, तेव्हा कुठे त्याला परत घेतलं, पण बढती कायमची हुकली. लोक त्याला 'काडीपेटीबाबू' म्हणायचे. बळीरामची नोकरी राहिली.

त्या दिवशी घरी आल्यावर अनसूयाने खिसा पाहिला. "मीच शिवला होता ना जी हा? आपोआप कसा फाटला?" मुरलीधरने तिला खरं काय ते सांगितलं. ती पदराने डोळे पुसत उठली, सुईदोरा घेऊन आली, आणि मग तसाच परत ठेवून आली. साहेबाने पुन्हा कोट मागवला तर? पुढे ती भीती गेली, तरी खिसा तसाच राहिला.

मुरलीधर आता नाही. गेल्या उन्हाळ्यात गेला. अनसूया दर हिवाळ्यात मला ऊन दाखवते. सून म्हणते, बर्तनवालीला देऊन टाकू, एखादं पातेलं तरी येईल.

काल बळीराम आला. काठी टेकत, धापा टाकत. चहा झाला, मुरलीधरच्या आठवणी झाल्या. मग त्याने खुंटीकडे बोट केलं. "वहिनी, तोच का जी तो कोट?"

अनसूयाने मला त्याच्या हातात दिलं.

"त्या दिवशी मी याले हातच लावला नव्हता, वहिनी."

"माहीत आहे मले," अनसूया म्हणाली.

बळीराम उठून उभा राहिला. त्याने काठी भिंतीला टेकवली आणि मला तपासू लागला. कॉलर चाचपली, बाह्या दाबून पाहिल्या, बाहेरचे दोन्ही खिसे उलटे केले. शेवटी आतल्या खिशात हात घातला. फाटक्या अस्तरातून त्याची बोटं आरपार गेली आणि तिथेच थांबली.

"चलो," तो मग म्हणाला, "जा आत." आणि त्याने मला परत खुंटीवर अडकवलं.

मंडळी, आता मला खुशाल बर्तनवालीला द्या. फाटका खिसा पाहून ती नाक मुरडेल, मुरडू दे. फक्त कुणी तो शिवू नका. बाकी माझं काही मागणं नाही. माझी तपासणी झाली आहे.